सिंहगड मोजलाच नाही: एआय एजंट, स्ट्राव्हाचे आकडे आणि एक चुकलेला सल्ला

पुण्याच्या धायरीत राहणारे अठ्ठावन्न वर्षांचे एक निवृत्त गृहस्थ. त्यांना आपण काका म्हणू. सातारा हिल हाफ मॅरेथॉन सहा आठवड्यांवर आलेली. आठवड्यातून तीनदा धावणे, रविवारी आतकरवाडीतून सिंहगड आणि संध्याकाळी पाय मोकळे करायला फेरफटका, असा त्यांचा नेम. घड्याळातली नोंद स्ट्राव्हा या व्यायामाच्या नोंदी ठेवणाऱ्या ॲपवर जाते. पुतण्या सॉफ्टवेअरमधला. काकांच्या एआय एजंटला, म्हणजे टूल वापरून स्वतः माहिती मिळवणाऱ्या एआय मदतनीसाला, स्ट्राव्हाचे आकडे स्वतः वाचता यावेत म्हणून त्याने एक छोटे टूल (एजंटला हवे तेव्हा चालवता येणारा कोडचा तुकडा) लिहून दिले.

काकांनी विचारले, ‘माझी तयारी कशी चालली आहे? साताऱ्याला उतरू का?’

एजंटने टूल चालवले आणि उत्तर दिले: गेल्या चार आठवड्यांत तुम्ही फक्त पाच वेळा धावलात, एकूण ३१.४ किलोमीटर. वर्षभराची आठवड्याची सरासरी १६ किलोमीटर आहे, ती आता आठाच्याही खाली आली आहे. चढणीचा सराव जवळजवळ नाही. यंदा घाटातल्या एकवीस किलोमीटरऐवजी सपाटीवरची दहा किलोमीटरची स्पर्धा निवडावी.

काकांनी पुतण्याला फोन लावला. ‘अरे, हा तुझा माणूस कोणाबद्दल बोलतोय? मी काय घरी बसून होतो का?’

(काका, पुतण्या आणि त्यांचे किलोमीटर नमुन्यासाठी रचलेले आहेत. टूल ज्या एंडपॉइंटवर, म्हणजे स्ट्राव्हाकडून माहिती मागवण्याच्या ठरलेल्या पत्त्यावर, उभे आहे तो, त्याचे नियम आणि त्याच्या मर्यादा मात्र स्ट्राव्हाने लिहून ठेवल्या आहेत तशाच.)

एजंटने आकडे बनवले असतील, ही पहिली शंका. एजंटच्या मागे असलेल्या एआय मॉडेलांची तशी ख्याती आहेच. पण एजंटच्या कामाच्या नोंदी पाहिल्यावर कळले की या वेळी त्याने काहीच बनवले नव्हते. टूलने दिलेला प्रत्येक आकडा त्याने जसाच्या तसा वापरला होता. मीटरचे किलोमीटर बरोबर केले होते, १३,१८८ सेकंदांवरून किलोमीटरमागे सात मिनिटांचा वेगही बरोबर काढला होता. गणित चोख, निष्कर्ष चुकीचा. असे प्रकरण सोडवायला जास्त अवघड, कारण मॉडेल बदलून काही उपयोग नसतो.

टूल मागवत होते ती स्ट्राव्हाच्या एपीआयमधली (दुसऱ्या प्रोग्रामना माहिती मागवता यावी म्हणून दिलेल्या सोयीतली) ‘ॲथलीट स्टॅट्स’. एका विनंतीत सगळा सारांश मिळतो: गेल्या चार आठवड्यांची, १ जानेवारीपासूनची आणि आजवरची बेरीज. प्रत्येक बेरजेत किती वेळा, किती मीटर, हालचालीचा वेळ, एकूण वेळ आणि चढ. शिवाय सायकलवरचे सर्वांत लांब अंतर आणि सर्वांत मोठी चढण. एजंटच्या टूलसाठी तयार केल्यासारखाच दिसणारा हा एंडपॉइंट. स्ट्राव्हाचे टूल लिहायला बसलेला कोणीही आधी इथेच हात घालील, आणि त्यात गैर काही नाही.

पण त्याच्या दस्तऐवजात दोन गोष्टी आहेत. बेरजा तीनच प्रकारांच्या आहेत: सायकल, धावणे, पोहणे. आणि एक वाक्य: फक्त ‘सर्वांना दिसेल’ अशी ठेवलेली ॲक्टिव्हिटी यात धरली जाते.

आता काकांचे चार आठवडे या चाळणीतून घालून पाहा. सिंहगडाच्या चार फेऱ्या घड्याळात ‘हाइक’ म्हणून नोंदवलेल्या. आतकरवाडीतून वर जायचे म्हणजे साधारण सहाशे मीटर चढ. चार रविवारांचे मिळून चोवीसशे मीटर. स्टॅट्समध्ये हाइक हा रकानाच नाही, त्यामुळे ही सगळी चढण गायब. धावण्याच्या रकान्यात राहिला तो धायरी-वडगावच्या रस्त्यांवरचा किरकोळ चढ. घाटातल्या शर्यतीची तयारी करणाऱ्या माणसाची नेमकी घाटाची मेहनतच हिशेबाबाहेर राहिली.

दृश्यतेची गोष्ट आणखी छुपी. तीन आठवड्यांपूर्वी काकूंनी नकाशा पाहिला होता. धावण्याची रेघ रोज आपल्याच इमारतीच्या फाटकापासून सुरू होते आणि ती कोणालाही दिसते, हे त्यांना पटले नाही. काकांनी सेटिंग बदलून ‘फक्त फॉलोअर्स’ केले. त्यानंतरही धावण्याच्या ग्रुपबरोबरच्या दोन धावा त्यांनी मुद्दाम सर्वांसाठी ठेवल्या. म्हणजे बेरजेत आल्या त्या पहिल्या आठवड्यातल्या तीन आणि या दोन. उरलेल्या सात धावा, ४४ किलोमीटर, स्टॅट्सच्या दृष्टीने घडल्याच नाहीत. प्रत्यक्षात काका चार आठवड्यांत बारा वेळा, ७५.४ किलोमीटर धावले होते. आठवड्याला जवळजवळ एकोणीस. सराव निम्म्यावर आला नव्हता, उलट थोडा वाढला होता. एजंटला दिसलेली घसरण म्हणजे काकूंनी बदलायला लावलेले सेटिंग.

हा एंडपॉइंट माणसाच्या डोळ्यांसाठी आहे. आपला सारांश पाहताना काकांना रविवारी आपण गडावर होतो हे आठवत असते. रकाना नसला तरी ते मनातल्या मनात भर घालतात. वाचणारा बदलला की ती मनातली भर नाहीशी होते. एजंटपुढे येतो तो केवळ एक आकडा, आणि समोर आलेला आकडा म्हणजेच सगळे, असे तो धरून चालतो. गावाला नवा असलेल्या कारकुनाच्या हाती अर्धी वही द्यावी आणि ताळेबंद मागावा, त्यातला प्रकार.

एजंटला टूल म्हणजे नेमके काय दिसते, हे इथे सांगायला हवे. एजंटला टूल जोडण्यासाठीच्या एमसीपी या खुल्या मानकात (अँथ्रॉपिक या एआय कंपनीने ते नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केले) टूलची ओळख तीन गोष्टींनी होते: नाव, वर्णन आणि आत काय द्यायचे याचा आराखडा. मॉडेल कोड वाचत नाही, दस्तऐवज वाचत नाही. पुतण्याने वर्णन लिहिले होते एका ओळीचे: ‘वापरकर्त्याची फिटनेस आकडेवारी आणते.’ या ओळीवर विसंबून ‘तयारी कशी आहे’ या प्रश्नाला हेच टूल निवडणे आणि आलेल्या आकड्यांना पूर्ण चित्र मानणे, दोन्ही साहजिक. माझ्या मते या प्रकरणातला बिघाड या एका ओळीत आहे. बाकीचे सगळे तिथून ओघाने आले.

दुरुस्ती म्हणून पुतण्याने आधी ते वर्णन वाढवले: ही बेरीज फक्त धावणे, सायकल आणि पोहण्याची आहे, चालणे, हाइक, व्यायामशाळा यात नाही, सर्वांना दिसणाऱ्या नोंदीच यात आहेत, ‘रीसेंट’ म्हणजे गेले चार आठवडे. याच चार गोष्टी त्याने टूलच्या उत्तरातही आकड्यांच्या शेजारी घातल्या. हे दोनदा सांगणे अनावश्यक वाटेल, पण तसे नाही. लांबलेल्या संभाषणात वर्णन मागे पडते. उत्तराला चिकटलेली टीप आकड्याबरोबरच पुढे जाते. एकके पण बदलली. मीटर आणि सेकंद देऊन मॉडेलला भागाकार करायला लावण्यापेक्षा कोडनेच किलोमीटर आणि वेग काढून द्यावा. या वेळी गणित बरोबर आले, म्हणून दर वेळी येईल असे नाही.

आणखी एक बारकावा. मूळ टूल एजंटकडून ‘ॲथलीट आयडी’ मागत होते. एजंटला तो ठाऊक असण्याचे कारण नाही, आणि रकाना रिकामा दिसला की मॉडेलला तो भरण्याचा मोह होतो. स्ट्राव्हाला तरी परवानगी दिलेल्या माणसाचाच आयडी लागतो. तो टोकनवरून (परवानगी दिल्यावर मिळणाऱ्या डिजिटल पासावरून) कोडला स्वतः काढता येतो. रकाना काढून टाकला. एजंटला जे ठरवायचे नाही ते त्याला विचारूच नये.

आता एजंट प्रामाणिकपणे म्हणू लागला: मला फक्त सार्वजनिक धावा दिसतात, सिंहगडाच्या फेऱ्या दिसत नाहीत, तेव्हा तयारीबद्दल पक्के सांगता येणार नाही. आधीच्या आत्मविश्वासापेक्षा हे शंभर पटीने बरे. पण काकांचे समाधान होईना. ‘दिसत नाही म्हणतोय, तर दाखव ना त्याला.’

दाखवायचे म्हणजे एकेक ॲक्टिव्हिटी मागवायची. स्ट्राव्हाच्या यादीत प्रत्येक नोंदीचा प्रकार येतो, त्यामुळे हाइक वेगळी काढता येते. परवानग्यांचे स्तर आहेत: एका स्तरावर सर्वांना आणि फॉलोअर्सना दिसणाऱ्या नोंदी मिळतात, ‘फक्त मला’ ठेवलेल्यांसाठी वरचा स्तर लागतो. काकांचे संध्याकाळचे चालणे ‘फक्त मला’वर होते, म्हणून वरचा स्तर घेतला. लिहिण्याची परवानगी वेगळी असते. ती मागितलीच नाही. आकडे वाचणाऱ्या एजंटला काकांची धाव बदलता येण्याचे काही कारण नाही.

यादीत दोन खाचखळगे लागले. पहिला पानांचा. सांगितले नाही तर एका पानावर तीस नोंदी येतात. काकांच्या चार आठवड्यांत बारा धावा, चार हाइक आणि पंचवीस फेरफटके, एकूण एक्केचाळीस. पहिल्या पानावर थांबले की अकरा नोंदी गळतात आणि टूल पुन्हा अपुरी बेरीज पूर्ण म्हणून देते. म्हणजे मूळ रोग नव्या जागी. पानावर जास्तीत जास्त दोनशे नोंदी मागता येतात. पुतण्याने तेवढ्या मागितल्या आणि रिकामे पान येईपर्यंत पुढे जाण्याची सोय केली. बेरीजही कोडमध्येच. एक्केचाळीस नोंदी मॉडेलपुढे ओतून ‘बेरीज कर’ म्हणणे हा वेळेचा आणि पैशाचा अपव्यय आहे, वर उत्तराची खात्री नाही ती नाहीच.

दुसरा खळगा आपल्या पहाटेचा. काका उन्हाच्या आधी, पावणेपाच-पाचला निघतात. भारतीय वेळ यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, साडेपाच तास पुढे. म्हणजे सोमवारी पहाटे पाचची धाव यूटीसीच्या हिशेबात रविवारी रात्री साडेअकराची. आठवडा सोमवारपासून मोजला, तर ती धाव मागच्या आठवड्यात जाऊन बसते. स्ट्राव्हा दोन्ही वेळा देते, यूटीसी आणि स्थानिक. मात्र स्थानिक वेळेच्या शेवटीही यूटीसीची खूण असलेले ‘झेड’ अक्षर लागून येते. ते खरे मानून कोणी पुन्हा साडेपाच तास मिळवले, तर काका सकाळी साडेदहाच्या उन्हात धावताना दिसतील. पहाटे पळणाऱ्या देशात हा तपशील किरकोळ नाही.

हालचालीचा वेळ आणि एकूण वेळ यांतला फरकही एजंटला सांगावा लागला. सिंहगडाच्या फेरीत हे दोन आकडे तासाभराने वेगळे येत होते आणि एजंटने त्यातून ‘वारंवार विश्रांती, दमछाक’ असा अर्थ काढला. तो तास वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातल्या दह्याला गेलेला. हा खुलासा कोणत्याही एपीआयमध्ये मिळणार नाही. म्हणून टूलच्या उत्तरात एवढेच लिहिले की एकूण वेळेत थांबणे धरलेले असते आणि थांबण्याचे कारण या माहितीत नसते.

यादी मागवण्याची किंमतही आहे. प्रत्येक नोंदीबरोबर सुरुवातीचे आणि शेवटचे अक्षांश-रेखांश येतात, आणि मार्गाची रेघ येते. ज्या कारणासाठी काकूंनी सेटिंग बदलून घेतले तीच गोष्ट आता एजंटच्या, पर्यायाने मॉडेल चालवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर. स्ट्राव्हाने नोव्हेंबर २०१७ मध्ये जगभरच्या धावांचा उष्णतानकाशा प्रसिद्ध केला. त्यात कोणाचेही नाव नव्हते, तरी जानेवारी २०१८ मध्ये अफगाणिस्तान आणि सीरियातले लष्करी तळ त्यावर उजळलेले लोकांना दिसले. सैनिक तळाच्या कडेने पळत होते, एवढेच. नाव नसले तरी रेघ पुरते. म्हणून पुतण्याने टूलमध्येच गाळणी लावली: नकाशा, अक्षांश-रेखांश, फोटो सगळे तिथेच टाकून द्यायचे आणि मॉडेलपर्यंत जाऊ द्यायचे ते प्रकार, तारीख, अंतर, वेळ, चढ. तयारीच्या प्रश्नाला याहून जास्त लागतही नाही.

टोकनचा मुद्दा थोडक्यात. स्ट्राव्हाचे टोकन सहा तासांनी मुदतबाह्य होते आणि नवे घ्यावे लागते. जुन्या टूलमध्ये ते न जमल्यास कोड रिकामी यादी परत करायचा. रिकामी यादी म्हणजे शून्य किलोमीटर, आणि मग एजंट काळजीच्या सुरात विचारतो, ‘तब्येत बरी आहे ना?’ एमसीपीत उत्तरावर ‘ही चूक आहे’ अशी खूण करण्याची सोय आहे. ती वापरली आणि सोबत साधे वाक्य दिले: स्ट्राव्हाशी जोडणी तुटली आहे, आकडे उपलब्ध नाहीत, ते शून्य समजू नयेत. विनंत्यांच्या मर्यादा एका माणसापुरत्या भरपूर आहेत, त्यावर वेळ घालवण्याचे कारण नाही.

इथवर तांत्रिक बाजू सुटली. मग पुतण्याने करार वाचला. हे त्याने आधी करायला हवे होते, पण हा क्रम सगळीकडे असाच असतो.

नोव्हेंबर २०२४ मध्ये स्ट्राव्हाने एपीआयच्या अटी कडक केल्या. त्रयस्थ ॲपने एका वापरकर्त्याची माहिती दुसऱ्याला दाखवू नये, ही एक. एपीआयमधून मिळालेली माहिती एआय मॉडेलांमध्ये किंवा तशा उपयोजनांमध्ये वापरू नये, ही दुसरी. मॉडेलला शिकवण्यासाठी माहिती वापरणे वेगळे आणि मालकानेच स्वतःचे आकडे एजंटला वाचायला देणे वेगळे, असा युक्तिवाद करता येतो, आणि मला तो नैतिकदृष्ट्या बिनतोड वाटतो. धावले काका, घाम काकांचा. पण जाहीर केलेली भाषा रुंद आहे, आणि एपीआयची किल्ली काढून घेण्याचा अधिकार किल्ली देणाऱ्याकडे असतो. शर्यतीच्या आदल्या आठवड्यात बंद पडू शकेल अशा पायावर टूल उभे ठेवण्यात शहाणपण नव्हते.

पर्याय साधा निघाला. स्ट्राव्हा प्रत्येकाला आपल्या खात्यातला सगळा साठा मागवू देते. खात्याच्या सेटिंगमधून विनंती करायची, ईमेलवर दुवा येतो, झिप फाइल उतरवायची. आत सगळ्या ॲक्टिव्हिटींचा एक तक्ता आणि मूळ फाइली. एपीआय नाही, टोकन नाही, दृश्यतेची चाळणी नाही. मालकाने स्वतःचा साठा स्वतःच्या लॅपटॉपवर घेतला. टूल तिथेच तो तक्ता वाचते आणि एजंटला बेरजाच देते.

तक्त्यालाही त्याचे नखरे आहेत. तारखा यूटीसीत, म्हणजे पहाटेची कसरत पुन्हा करावी लागली. अंतराचे दोन रकाने एकाच नावाचे आणि वेगळ्या एककांतले. चुकीचा उचलला तर काका हजारपट धावतात. आणि साठा ताजा राहत नाही, दर वेळी नव्याने मागवावा लागतो. काकांना आठवड्यातून एकदा पुरतो. टूलच्या प्रत्येक उत्तरात आता पहिली ओळ असते ती साठ्यातली शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे याची.

एक लाभ अनपेक्षित होता. सारांशात किंवा एपीआयच्या यादीत न येणारी वर्णने आणि खासगी टिपा या तक्त्यात असतात. काकांना धाव संपल्यावर दोन शब्द लिहून ठेवायची सवय. ‘उजवा गुडघा’ हे दोन शब्द गेल्या चार आठवड्यांत तीनदा आले होते, तिन्ही वेळा सिंहगड उतरल्यावर. त्या टिपा एजंटला द्यायच्या की नाही, हे पुतण्याने ठरवले नाही, काकांना विचारले. ‘दे की. डॉक्टरपासून लपवतो का आपण?’ ते म्हणाले. काकू म्हणाल्या, ‘लपवताच तुम्ही.’

तोच प्रश्न पुन्हा विचारला तेव्हा एजंटने धावा, हाइक आणि चालणे वेगवेगळे मांडले. बारा धावा, ७५.४ किलोमीटर. चार हाइक, सुमारे २,४०० मीटर चढ. सराव कमी झालेला नाही, असे म्हटले. साताऱ्यात यवतेश्वराचा घाट चढून परत उतरायचे असते, तेव्हा चढण्याची बाजू भक्कम दिसते, पण तिन्ही टिपा उताराच्या आहेत. गुडघा तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय शर्यतीबद्दल मी मत देणार नाही, असेही म्हटले. पहिल्या उत्तरात काकांना शर्यतीपासून दूर ठेवणारे कारण खोटे होते. आता थांबवू शकणारे एक खरे कारण समोर आले.

बातमी ग्रुपमध्ये पोहोचली. प्रशिक्षकांनी विचारले, चाळीस जणांसाठी असेच करून देशील का, सगळ्यांचे आकडे माझ्या एजंटला दिसतील असे? पुतण्याने नकार दिला. एपीआयवरून करायचे तर एकाची माहिती दुसऱ्याला न दाखवण्याची अट आड येते. साठा गोळा करून करायचे तर कायदा बदलतो: भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात व्यक्तीने स्वतःच्या किंवा घरगुती कामासाठी केलेल्या वापराला सूट आहे, काकांचे टूल त्यात बसते. फी घेऊन चाळीस जणांच्या टिपा, त्यांच्या गुडघ्यांसकट, एका एजंटला पुरवणारा प्रशिक्षक बसत नाही. त्याऐवजी पुतण्याने कोड ग्रुपला देऊन टाकला. ज्याला हवे त्याने आपला साठा मागवावा, आपल्या यंत्रावर चालवावा आणि जे दाखवायचे तेवढे प्रशिक्षकांना स्वतः दाखवावे. सध्या पाच-सहा जण तो वापरतात. प्रशिक्षक अजून वहीच वापरतात.